रुमाल उचलू नये

एस.टी.च्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल हा महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाळला जाणारा नियम आहे, हे शास्त्राने सिद्ध केलं त्या दिवशी कुमुद वाकोडे पोट धरून हसली होती. सोनवडच्या विधी महाविद्यालयात ती विधिशास्त्र शिकवायची. पेपरातली ती बातमी तिने कात्रण काढून वर्गात नेली, मुलांना वाचून दाखवली आणि मुलंही हसली. पुढे वर्षभरात त्या बातमीचा कायदा झाला. मग हसणं जरा जपून करावं लागलं.

सिद्ध करणारं यंत्र मनगटावर मावत होतं. त्याचं असं झालं. माणूस चारचौघांत न करण्यासारखं काही करायला निघाला की हात पुढे जाण्याआधी त्याचं शरीर स्वतःला ब्रेक लावतं. नाडी अडखळते, तळव्याला कळेल न कळेल इतका घाम येतो आणि कातडीतून विजेचा सूक्ष्म प्रवाह एरवीपेक्षा थोडा सहज वाहतो. हे आधीपासून माहीत होतं. डॉ. रेवती मुळगुंद यांनी शोधलं ते असं, की या अडखळण्याचा आलेख साप बघून घाबरलेल्या माणसाच्या आलेखापेक्षा वेगळा असतो. तो फक्त तिथेच उमटतो, जिथे कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं माणसाला वाटतं. बाईंनी त्याला परदेशी नाव न देता सरळ मराठी नाव दिलं, भीड. आणि मोजणाऱ्या पट्ट्याला भीडमापी.

सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड बंद होऊन त्याजागी हा पट्टा आला, त्यामुळे तो बांधला नाही असं मनगट राज्यात उरलं नाही. कोण कुठे आहे, काय करतोय आणि करताना किती अडखळला, हे सगळं एका जागी गोळा होऊ लागलं. त्यातून तालुकावार नकाशे निघाले. कुठल्या नियमाला लोक किती भितात, शंभरपैकी गुण. रुमाल चौऱ्याण्णव. लाल सिग्नल तेवीस. लाच घेण्याबद्दलचा आकडा इतका कमी आला, की यंत्र बिघडलं असं समजून ते दुरुस्तीला पाठवण्यात आलं. तिथून ते ठणठणीत असल्याचा दाखला घेऊन परत आलं.

अहवालाच्या शेवटी डॉ. मुळगुंद यांनी एक परिच्छेद लिहिला होता. माणूस अडखळला एवढंच यंत्र सांगतं, का अडखळला ते सांगत नाही. नियम पटला म्हणून थांबलेला आणि बाकीच्यांना पटला असेल या धास्तीने थांबलेला, दोघांचा आलेख अगदी एकसारखा येतो. अहवाल छापताना पानं जास्त होत होती, म्हणून शेवटचं पान काढलं.

मग सरकारने जे केलं त्याला हुशारी म्हणायला हवं. कोर्टात खटले तुंबलेले, पोलीस पुरत नाहीत, आणि लोक कायदे पाळत नाहीत. मग लोक जे पाळतातच, त्यालाच कायदा म्हणावं. वस्तुस्थिती अधिनियम या नावाने हे विधेयक एका दुपारी मंजूर झालं. ज्या नियमाला तालुक्यात सत्तरहून जास्त गुण, तो आपोआप कायदा. विसाच्या खाली घसरला, तो आपोआप रद्द. हेल्मेट गेलं, रस्त्यावर थुंकण्याची बंदी गेली, कित्येक तालुक्यांत हुंड्याची बंदी गेली. त्याजागी आले ते आपल्या मातीतले कायदे. साहेब उभे असताना बसू नये. डॉक्टरला औषध कशासाठी ते विचारू नये. जेवताना पहिल्या आग्रहाला हो म्हणू नये. बायकोने नवऱ्याला नावाने हाक मारू नये. सोनवड तालुक्यात या शेवटच्या नियमाला एक्काहत्तर गुण पडले, म्हणजे काठावर पास, पण पास.

कुमुद नवऱ्याला गेली सव्वीस वर्षं दिगंबर अशी हाक मारत होती. भाजी मंडईत तिने "दिगंबर, पिशवी धर," असं म्हटलं आणि दोघांच्याही पट्ट्यावर नोटीस आली. तिच्या पट्ट्यावर नियमभंगाची, त्याच्या पट्ट्यावर सांत्वनाची.

दिगंबर वाकोडे भूमापन खात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर लोकांच्या बांधावर साखळी ओढत फिरला, पण स्वतःची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते याचा निवाडा तो नेहमी दुसऱ्याच्या बाजूने द्यायचा. हॉटेलात चहात माशी पडली तर ती बाजूला काढून प्यायचा, पोऱ्याला कशाला ओरडा बसवायचा म्हणून. भीडमापीने त्याला तालुक्यात पहिला काढला. नगरपरिषदेने शाल, श्रीफळ देऊन सत्कार केला आणि फोटोत त्याला इतका संकोच वाटत होता, की आलेख आणखी वर गेला.

"तुझा सत्कार झाला आणि मला नोटीस," कुमुद घरी येऊन म्हणाली. "एका घरात दोन राज्यं झाली."

"तू जरा हळू हाक मारत जा," दिगंबर म्हणाला. "घरात ऐकू येईल इतपत."

वर्गात मात्र ती हळू बोलत नव्हती. कायदा आणि बाकीचे नियम यांत फरक काय, हा तिचा दरवर्षीचा पहिला तास. ती मुलांना सांगायची, देवळाबाहेर चप्पल काढता, आईशी खोटं बोलताना जीभ अडते, लग्नात आहेर करता आणि लाल दिव्याला थांबता, किंवा थांबायला हवं. हे चारही नियमच. पहिले तीन कुणी केले ते विचारा. उत्तर येणार नाही. लोक म्हणतील, असंच असतं. कायद्याबद्दल विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं. कुणी केला, कधी केला, कुठल्या अधिकाराने केला. रूढी तोंड फिरवते, कायदा तोंड दाखवतो. आणि ज्याला तोंड आहे त्याच्याशी भांडता येतं, हा सगळ्यांत मोठा फरक. हा तास तिने त्या वर्षीही घेतला. प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं की विषय अभ्यासक्रमातून निघालाय, आता त्याजागी आलेखवाचन आहे, तुम्ही वाटल्यास ग्रंथालय सांभाळा. तिने विचारलं, निर्णय कुणाचा. प्राचार्य म्हणाले, सगळ्यांचाच म्हणा ना.

त्या पावसाळ्यात दिगंबरची मूत्रपिंडं निकामी झाली. आधी पाय सुजले, तेही त्याने चपला घट्ट झाल्यात म्हणून खपवलं. निदान झालं तेव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलं. सोनवडच्या सरकारी रुग्णालयात त्यासाठी एक हॉल होता. पाच खुर्च्या, पाच यंत्रं, चालवायला फरहाना नावाची तंत्रज्ञ, आणि बाहेरच्या अंगाला रस्त्यावर उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या.

खिडक्या होत्या तिथे रुमाल आलेच.

सकाळी हॉल उघडला की खिडकीतून रुमाल आत पडत. टाकणारे पेशंट नसत. काही पेशंटचे भाचे असत, काही नाना गव्हाण्यांची पोरं असत. नाना गव्हाणे म्हणजे नगराध्यक्ष होता होता राहिलेले गृहस्थ. त्यांचे दोन रुमाल रोज पडत, कुणासाठी असं काही नक्की नसे. दिवसभरात कुणा कार्यकर्त्याच्या सासऱ्याला, कुणा ओळखीच्याला गरज लागली, तर जागा हाताशी असावी. लागली नाही, तर रुमाल संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहत. तोवर यंत्रं तयार, खुर्ची रिकामी, वर घडी न केलेला रुमाल आणि समोर बाकावर फुगलेल्या पायांची माणसं.

पहिल्याच दिवशी हे बघून कुमुद उठली, नानांचा एक रुमाल चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकला आणि दिगंबरला खुर्चीत बसवलं. फरहानाने हातात सुई घेतली होती, यंत्राचं बटण दाबलं, पण यंत्र सुरू झालं नाही. पडद्यावर अक्षरं आली. कुटुंबाचा नियमभंग प्रलंबित. सेवा स्थगित.

"बाई, मी काय करू," फरहाना म्हणाली. "यंत्र पट्ट्याला जोडलंय. तुमच्या घरातली नोटीस उतरेपर्यंत ह्यांचं चालणार नाही."

नोटीस उतरायला पुढचा आठवडा उजाडला. तोवर दिगंबरचा चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा फुगला, तो उशीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागला, कारण आडवं झालं की श्वास पुरेना. त्या काळात तो कुमुदला एकदाही लागेल असं बोलला नाही. हेच तिला जास्त लागलं. शेवटी तो एवढंच म्हणाला की, कुमुद, तुझा राग खरा आहे, पण तो माझ्या अंगातून वसूल होतो.

म्हणून ती तालुका भीड कार्यालयात गेली. निरीक्षकाच्या टेबलामागे अमेय खरवडे बसला होता. तिचाच विद्यार्थी, विधिशास्त्रात वर्गात दुसरा आलेला. तिला बघून तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. सगळे गुण अंगी असलेला मुलगा.

कुमुदने अर्ज पुढे ठेवला. रुग्णालयातल्या खुर्चीवर रुमालाचा नियम लागू करू नये. एस.टी.त उभ्याने जाता येतं, डायलिसिस उभ्याने होत नाही.

"मॅडम, पटतंय मला," खरवडे म्हणाला. "पण अपील ऐकायचा अधिकार कुणालाच नाही. कारण हा नियम कुणी केलेलाच नाही. तो आहे. आम्ही फक्त मोजतो."

"आणि यंत्र बंद करता ते?"

"ते आपोआप होतं."

"शब्द कुणी लिहिले? राजपत्रात छापलाय ना नियम?"

"यंत्रानेच. मोजमापावरून ते वाक्य तयार करतं. कुणाची सही नसते त्यावर." तो थोडा पुढे वाकला. "तुम्हीच शिकवलं होतं मॅडम, रूढी मोडली तर लोक तोंड फिरवतात, कायदा मोडला तर शिक्षा होते. आम्ही दोन्ही एका खिडकीत आणलं. लोकांना हेलपाटा नको."

"मी आणखीही काही शिकवलं होतं."

"तो भाग परीक्षेला नव्हता," खरवडे मनापासून म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो खरंच नव्हता.

नियम बदलायचा कसा, हेही तिने विचारलं. त्याने सांगितलं, सोपं आहे, भीड कमी झाली की नियम आपोआप जातो. म्हणजे लोकांनी रुमाल उचलायला लागायचं. पण उचलणाऱ्याची सेवा स्थगित होणार. हो, तेवढं आहे. आणि सेवा स्थगित झालेला पेशंट किती दिवस उचलत राहील. यावर खरवडे चहा गार होतोय एवढं म्हणाला.

त्यानंतर कुमुद रुग्णालयात गप्प बसायला शिकली. हात मांडीवर, पर्सचा बंद मुठीत. दिगंबरचा नंबर कधी दुपारी लागे, कधी लागत नसे.

बाकावर त्यांच्या शेजारी कौसाबाई बसायची. कौसाबाई आटोळे, जवळच्या वाडीची, सत्तरीची, सोबत कुणी नसलेली. मुलगा पहाटे टमटममध्ये बसवून द्यायचा आणि संध्याकाळी घ्यायला यायचा. तिला सगळ्यांची चौकशी करायची सवय होती. दिगंबरला ती "भूमापनवाले" म्हणायची आणि वाडीतल्या कुठल्याशा बांधाचं भांडण तीस वर्षांनी पुन्हा त्याच्यापुढे मांडायची. तो मान डोलावून दोन्ही बाजू बरोबर आहेत म्हणायचा. मग ती हसायची आणि तिला खोकला यायचा.

त्या मंगळवारी तिचा आधीचा नंबर हुकलेला होता. ओठ निळसर दिसत होते. समोर नानांच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. निळा रुमाल आणि एक चौकड्यांचा.

"बाय," कौसाबाई कुमुदला म्हणाली, "तुमी वकिलांच्या मास्तरीण ना? मग ते फडकं उचला की. मला बसवंना आता."

कुमुदने दिगंबरकडे बघितलं. त्याचा श्वास त्या दिवशीही वरवर चालला होता. तिने रुमाल उचलला तर आठवडाभर त्याचं यंत्र बंद. तिला ते सगळं एका क्षणात दिसलं, उशीला टेकलेला त्याचा चेहरा, तोंड उघडं. तिचा हात मांडीवरून उठला आणि परत खाली आला.

"मी फरहानाशी बोलते," ती म्हणाली.

ती बोलली. फरहानाने नानांच्या पोराला फोन लावला, तो उचलला गेला नाही. मोठ्या डॉक्टरांना लावला, ते म्हणाले बघा जरा समजुतीने. हॉलमध्ये बाकावर, भिंतीला, दारात मिळून बरीच माणसं होती. सगळी त्या दोन रुमालांकडे बघत होती आणि कुणी बघितलं की दुसरीकडे बघत होती. दुपारी कौसाबाईची मान दिगंबरच्या खांद्यावर आली. त्याला वाटलं झोपली, आणि तिला उठवायला त्याला संकोच वाटला.

फरहानाने तिथेच फरशीवर झोपवून छाती दाबली. खूप वेळ दाबली. पोटॅशियम वाढून हृदय थांबलं, असं नंतर कागदावर आलं. संध्याकाळी मुलगा टमटम घेऊन आला. तो दारात उभा राहून विचारत होता की आज झालं का आईचं लवकर.

तालुक्याच्या रोजच्या अहवालात त्या हॉलची नोंद अशी आली: नियमभंग शून्य. आणि कुमुदच्या पट्ट्यावर, आयुष्यात पहिल्यांदाच, हिरवा दिवा लागला. खाली बारीक अक्षरं होती. आपल्या भिडेत समाधानकारक वाढ. अभिनंदन.

तिने तो पट्टा स्वयंपाकघराच्या ओट्यावर वरवंट्याने ठेचायला घेतला. दिगंबरने वरवंटा धरला. त्याच्या हातात जोर नव्हता, पण त्याने धरला.

"तो फोडलास तर माझंही बंद होईल," तो म्हणाला.

"होऊ दे."

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "ती मलाही म्हणाली होती. तू फरहानाकडे गेलीस तेव्हा. म्हणाली, भूमापनवाले, तुमी तरी उचला. मी ऐकू न आल्यासारखं केलं."

कुमुदने वरवंटा खाली ठेवला. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. त्याच्यावर, फरहानावर, त्या दारातल्या माणसांवर, आणि सगळ्यांत जास्त त्या मांडीवर परत आलेल्या स्वतःच्या हातावर. यातलं कुणी वाईट नव्हतं, हाच संताप होता. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. त्या हॉलमध्ये सगळे चांगले लोक होते आणि प्रत्येक जण बाकीच्यांना भीत होता. नाना गव्हाणे तर गावातही नव्हते, ते तिरुपतीला गेले होते.

तिने राजपत्र उघडलं. इतके दिवस तिने ते रागाने वाचलं होतं, आता शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचलं. आसनावर ठेवलेला रुमाल मालकाखेरीज अन्य व्यक्तीने उचलू नये, हलवू नये, बाजूस सारू नये. एवढंच. ती दोनदा वाचून थांबली.

"दिगंबर, रुमालावर बसू नये असं यात नाही."

"असं कुणी बसतं का?"

"कुणी बसलं नाही म्हणूनच नाही. ज्या गोष्टीचा कुणाला विचारच सुचला नाही, तिची भीड ते मोजणार कशी? आकडा नाही म्हणजे नियम नाही. रूढीला शब्द नसतात, म्हणून तिच्यातून सुटका नसते. यांनी हौसेने तिचा कायदा केला, आणि कायदा म्हटलं की शब्द आले."

"पण तो दुसऱ्याचा रुमाल ग. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील. म्हणणं हा अजून गुन्हा नाही."

तो रात्रभर बसून होता. श्वासामुळे की आणखी कशामुळे, तिने विचारलं नाही. ती त्याच्यासाठी हे करू शकत नव्हती. बसायचं त्याचं त्यालाच होतं.

पुढच्या खेपेला हॉलमध्ये कौसाबाईची जागा बाकावर रिकामी होती. तिथे कुणी बसलं नव्हतं, रुमाल नसतानाही. दिगंबर आत आला, बाकाकडे न जाता सरळ नानांच्या निळ्या रुमालाच्या खुर्चीपाशी गेला. तिथे पोचल्यावर मात्र त्याचे पाय थांबले. मनगटावरचा पट्टा थरथरू लागला. लाल दिवा लागला, आकडा चढत गेला, पंच्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. भीड मोजायला लागल्यापासून तालुक्यात एवढी कुणाची झाली नव्हती. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता, कान लाल झाले होते आणि हॉलमधला प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघत होता. कुमुद दोन पावलांवर उभी होती.

दिगंबर मागे वळला आणि रुमालावर बसला.

फरहानाने एकदा कुमुदकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. पडद्यावर काहीच आलं नाही. नोटीस नाही, स्थगिती नाही. तिने सुई लावली, बटण दाबलं आणि यंत्र घरघरत सुरू झालं. रक्त नळीतून फिरू लागलं. दिगंबरने डोळे मिटून घेतले. पट्टा अठ्ठ्याण्णवावर ओरडत राहिला. तो फक्त ब्रेक किती जोरात दाबला ते मोजत होता. गाडी थांबली की नाही, हे बघण्याची सोय त्यात कुणी ठेवलीच नव्हती.

अर्ध्या तासात नानांचा पोऱ्या आला, सोपान नावाचा, गॉगल डोक्यावर.

"काका, उठा. नानांचा रुमाल आहे."

"उठतो की," दिगंबर डोळे न उघडता म्हणाला. "चार तासांनी."

"मग रुमाल तरी द्या."

"मला उचलता येत नाही बाबा. कायदा आहे."

हॉलमध्ये कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी कुणीतरी. सोपानने खाली वाकून रुमालाचं एक टोक धरलं, तेव्हा कुमुदने त्याला शांतपणे विचारलं की रुमालाचे मालक तुम्ही का, कारण मालकाखेरीज अन्य व्यक्तीने हलवू नये असं लिहिलंय. सोपानने टोक सोडलं. तो बाहेर जाऊन फोनवर बोलत राहिला. तोवर बाकावरचे एक निवृत्त कंडक्टर उठले, धोतर सावरत चौकड्यांच्या रुमालावर जाऊन बसले आणि म्हणाले, तीस वर्षं मी हे रुमाल सांभाळले, आज जरा टेकतो.

पंधरा दिवसांत सोनवड तालुका रुमालांवर बसू लागला. एस.टी.त, तहसील कचेरीत, शाळेच्या प्रवेशाच्या रांगेतल्या बाकांवर. भीडमापीने मोजून पाहिलं. रुमालावर बसण्याला गुण पडले नऊ. विसाच्या खाली. यंत्राने नियम करायला नकार दिला. नाना गव्हाणे तिरुपतीहून परत आले, मुंबईला गेले, कुणाकुणाला भेटले. यंत्राला सांगून उपयोग नव्हता, ते कुणाचं ऐकण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. शेवटी जे यंत्र करत नाही ते माणसाने करावं असं ठरलं.

रविवारी सकाळी खरवडे स्वतः घरी आला. चपला दाराबाहेर नीट ओळीत काढल्या. दिगंबर व्हरांड्यात पाय पसरून बसला होता, सूज बरीच उतरलेली. खरवडेने त्याला वाकून नमस्कार केला आणि कुमुदच्या हातात एक कागद दिला.

"मॅडम, तुम्हाला आधी कळावं म्हणून आणून दिला. उद्यापासून लागू. कृपया मनावर घेऊ नका."

कुमुदने चष्मा लावला. ठेवलेल्या रुमालावर बसण्यास याद्वारे मनाई करण्यात येत आहे. उल्लंघन करणाऱ्याची आरोग्यसेवा स्थगित करण्यात येईल. खाली तारीख होती, गोल शिक्का होता आणि शिक्क्यावर निळ्या शाईची सही होती.

"हे मोजमाप नाही," ती म्हणाली.

"नाही. आदेश आहे. वरून फोन आला, पण लेखी कुणी द्यायला तयार नव्हतं."

"मग सही कुणाची?"

खरवडेने मान खाली घातली. "माझी, मॅडम."

कुमुदने कागद पुन्हा एकदा वाचला, सावकाश, एखाद्याचा चेहरा निरखावा तसा. कौसाबाई गेल्यापासून तिचा राग नुसता फिरत होता, कुठे जाऊन पडावं ते त्याला कळत नव्हतं. आज त्याला नाव मिळालं होतं, हुद्दा मिळाला होता, तारीख मिळाली होती. आजाऱ्याचं यंत्र बंद पाडायचा अधिकार तुला कुठल्या कलमाने मिळाला, हे विचारण्यासाठी आता एक जिवंत माणूस होता, आणि उत्तर देणं त्याला भाग होतं.

"शाब्बास, खरवडे," ती म्हणाली. "बसा. चहा घेऊन जा."

"नको मॅडम, आपण रागावला आहात."

"खूप," कुमुद म्हणाली. "दुधाचा घेता ना? घ्या. उद्या मी उच्च न्यायालयात जातेय. प्रतिवादी क्रमांक एक म्हणून पूर्ण नाव काय घालू तुमचं? वडिलांच्या नावासकट सांगा."